विचारायला गेले आणि सल्ला मिळाला

माझ्या इंग्रजीच्या वहीत एक वाक्य देवनागरीत लिहिलेलं आहे: ‘आय वुड बी ग्रेटफुल फॉर युअर ॲडव्हाइस.’ खाली पेन्सिलीनं अर्थ लिहिलाय, तुम्ही सल्ला दिलात तर मी आभारी होईन. हे वाक्य मी आजवर एकदाच वापरलं आणि त्या एकाच वेळी माझी चांगली फजिती झाली.

मी मीरा रोडला पूनम सागरमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. अकरा वर्षं झाली. नंबर लावायचे, फाइल काढायची, फोन घ्यायचे, तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालायचे आणि मग अर्धा तास ‘डोळे मिटून बसा, मोबाइल बघू नका’ म्हणून दटावत राहायचं, हे माझं काम. आमच्याकडे सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. मी मराठीत सुरुवात करते, समोरच्याचा चेहरा बघून हिंदीवर जाते, आणि गुजराती काकूंना ‘टीपां नाख्यां?’, म्हणजे थेंब घातले का, इतपत विचारू शकते. जवळच्या राई-मुर्धा गावांतल्या म्हाताऱ्या ‘काय बी दिसत न्हाय गो’ म्हणत येतात, त्यांच्याशी तर माझं चांगलंच जमतं. इंग्रजी मात्र येत नाही. वाचता येतं. औषधांची नावं, मेडिक्लेमचे फॉर्म, सगळं वाचते. पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

जुने डॉक्टरसाहेब होते तोवर यानं काही अडलं नाही. त्यांनी काम थांबवलं आणि त्यांची डॉक्टर सून बसायला लागली, आता तीच आमची मॅडम. ती बंगळुरूकडची. मराठी अजिबात नाही, हिंदी मोडकीतोडकी, आणि बोलणं एकदम सरळ. श्रावणात तिनं मला आत बोलावलं आणि सांगितलं की आसपासच्या नव्या टॉवरमधून येणारे पेशंट इंग्रजीत बोलतात, परदेशातून त्यांच्या मुलांचे फोन येतात, मेडिक्लेमवाले इंग्रजीत विचारतात. दिवाळीनंतर काउंटरवर इंग्रजी लागणारच. मी शिकले तर उत्तम. नाहीतर एक मुलगी ठेवू आणि मी आतलं बघायचं, म्हणजे फाइली, ऑपरेशनचे कपडे आणि औषधांचं कपाट. पगार तोच राहील.

पगार तोच म्हटल्यावर आमच्या घरात विषय संपला. नवरा म्हणाला, बरंच झालं की, दिवसभर लोकांची कटकट नाही. त्याला कसं सांगू, मला ती कटकट आवडते म्हणून. काउंटरवर मला लोक ओळखतात. हाटकेशच्या भाजीबाजारात अनोळखी माणूस थांबून म्हणतो, ताई, आईचा डोळा एकदम मस्त झाला. आतल्या खोलीत कपाटाला कोण ताई म्हणणार? मला ती खुर्ची हवी होती. आजही हे लिहिताना मला त्यात लाज वाटत नाही.

म्हणून मी भाईंदरला केबिन रोडवर एका क्लासला नाव घातलं. खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर एक खोली. शिकवणारे सर उत्तनकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. बॅचमध्ये आम्ही सात जण आणि मी सगळ्यांत थोरली. तिसऱ्या आठवड्यात सरांनी सल्ला कसा मागायचा आणि मिळाल्यावर आभार कसे मानायचे ते घेतलं. फळ्यावर वाक्यांची रांग लागली. ‘कुड आय आस्क युअर ॲडव्हाइस?’ ‘व्हॉट वुड यू सजेस्ट?’ ‘व्हॉट वुड यू डू इफ यू वेअर मी?’ मग आभार: ‘थँक यू फॉर युअर टाइम’, ‘दॅट्स व्हेरी हेल्पफुल’, आणि पटलं नसेल तर ‘थँक यू, आय विल थिंक अबाउट इट’. हे शेवटचं मला फार आवडलं. एवढ्या गोडीत नाही म्हणता येतं हे मला आधी माहीत असतं तर माझ्या सासरी अर्धी भांडणं झाली नसती.

मला गंमत वाटली ती या सगळ्या थाटाची. एवढंसं विचारायचं आणि त्याआधी केवढी ती मानाची पायघडी. आपण नुसतं ‘काय करू गं?’ म्हणतो आणि समोरची बाई लगेच पोळपाट बाजूला सारते. पण नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की पायघड्या आमच्याकडेही आहेत, फक्त त्या निराळ्या वेळी घातल्या जातात.

आमचं घराणं रत्नागिरीकडचं, संगमेश्वराजवळचं. आमच्यात सल्ला विचारतात तो सगळं ठरल्यावर. माझ्या लग्नाची तारीख ठरली, हॉल ठरला, आचारी ठरला, आणि मग वडील नारळ घेऊन लालबागला थोरल्या काकांकडे गेले. ‘तुमचा सल्ला घ्यायला आलो’ म्हणाले. काकांनी डोळे मिटून थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, तुम्ही ठरवाल ते योग्यच. मग चहा झाला. काकांचा मान राहिला, वडिलांचं काम झालं. यालाच आमच्याकडे विचारणं म्हणतात. विचारलं नाही तर माणूस वर्षभर रुसतो, पण विचारल्यावर त्यानं खरोखरच सल्ला द्यावा अशी कोणाचीही अपेक्षा नसते. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. वडिलांनी मीरा रोडला जागा घेतली तेव्हा असेच एका मामांना विचारायला गेले होते. मामा सरळमार्गी. म्हणाले, नका घेऊ, मिठागरात कोण राहायला जातं, प्यायला पाणी नाही तिकडे. वडिलांनी बयाणा देऊन आठवडा झाला होता. पुढे दोन वर्षं ते मामांशी बोलले नाहीत.

आभारांचं तर नावच नको. आपल्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटलं की तो विचारतो, का, आम्ही परके झालो काय?

क्लासला महिना झाला आणि एका दुपारी दवाखान्यात फोन आला. एका पेशंटचा मुलगा, कुठल्या तरी लांबच्या देशातून. तो भराभर बोलत सुटला. मला ‘मदर’ आणि ‘रिपोर्ट’ एवढंच कळलं. मी ‘होल्ड’ म्हणाले आणि घाईघाईत भलतंच बटण दाबलं. फोन कट. त्यानं पुन्हा केला, मी पुन्हा होल्ड म्हणाले, पुन्हा कट. तिसऱ्यांदा त्यानं थेट मॅडमच्या मोबाइलवर फोन केला. मॅडमनं त्याला आतूनच उत्तर दिलं. समोर बाकावर बसलेल्या पाचसहा जणांनी मात्र सगळं पाहिलं होतं, आणि त्यातल्या एका शाळकरी मुलीनं हसू दाबलं. माझे कान तापले. घरी जाईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, बस झालं. या वयात हसं करून घेण्यापेक्षा आतलं कपाट बरं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मी तर आधीच म्हणत होतो.

आता ठरलंच होतं तर मॅडमला रीतसर विचारायला हवं होतं. मॅडम वयानं लहान, पण खुर्ची मोठी. न विचारता आत गेले असते तर तिचा मान राहिला नसता. मी ठरवलं, वहीतलं वाक्य वापरू. तेवढंच शिकल्याचं सार्थक. दुसऱ्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर मी आत गेले, उभी राहिले आणि न अडखळता म्हटलं, ‘मॅडम, आय वुड बी ग्रेटफुल फॉर युअर ॲडव्हाइस.’ मग हिंदीत सांगितलं की इंग्रजी मला जमेल असं वाटत नाही, मी आतलं काम घेते, तुम्हाला काय वाटतं.

आमच्या हिशेबानं आता तिनं ‘ठीक है ताई, जैसा आपको सही लगे’ म्हणायचं होतं आणि मी घरी जायचं होतं.

तिनं हातातली टॉर्च खाली ठेवली. मला खुर्ची दाखवली. आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. आज तुम्ही किती जणांशी बोललात? कोणकोणत्या भाषेत? गुजराती कुठे शिकलात? मी म्हटलं, कुठे नाही, बोलून बोलून आली. पहिल्यांदा चुकला होतात का? म्हटलं, खूप. तेव्हा कोणी हसलं? म्हटलं, सगळेच हसायचे, मीही हसायचे. मग आता इंग्रजीला हसू का नाही, असं तिनं विचारलं. वीस मिनिटं मी त्या खुर्चीत बसून होते, आणि सबंध वेळ मनात एकच, अगं बाई, मी विचारायला आलेय, तू सांगतेस काय?

शेवटी ती म्हणाली, “आपने पूछा, इसलिए बता रही हूँ. अंदर मत जाइए. मैं पेशंट को तीन मिनट में बोल देती हूँ, ऑपरेशन करना है. मुझसे कोई कुछ नहीं पूछता. बाहर आके सब आपसे पूछते हैं.”

आणि तिनं सांगितलं, वहीतली मोठी वाक्यं राहू देत. रोज जे दहा शब्द तुम्ही प्रत्येक पेशंटला सांगता ते इंग्रजीत पक्के करा. रोज इंग्रजीतले दोन फोन घ्या, मी शेजारी बसेन. कळलं नाही तर ‘प्लीज, स्लोली’ म्हणा.

माझं तर ठरलेलं होतं. मी वहीतलं ते माझं लाडकं वाक्य काढलं. थँक यू मॅडम, आय विल थिंक अबाउट इट. सुटले असं वाटून उठले. तर तिनं टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि सहज विचारलं, कधी सांगाल? शनिवारी?

घरी येईपर्यंत माझा नुसता संताप झाला होता. कोणी सांगितलं होतं हिला सल्ला द्यायला? मोठ्या माणसांची रीत कळत नाही, वर शनिवारची तारीख देते. पोळ्या लाटता लाटता मी नवऱ्याला सगळं ऐकवलं. तो ताटावर बसून हसायला लागला. म्हणाला, “अगं, तुला सांगायचं होतं तर सांगायचं. विचारलंस कशाला मग?” मला इतका राग आला की त्याला दुसरी पोळी वाढायची मी विसरले.

पण शनिवार तर येणार होता, आणि तिला काहीतरी सांगावं लागणार होतं. त्यासाठी विचार करणं आलं. खोटं कशाला सांगू, मी आधी विचार केलाच नव्हता. एक पोरगी हसली आणि मी ठरवून मोकळी झाले होते. आता नाइलाजानं विचार करायला बसले तर मॅडमचंच एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं, बाहर आके सब आपसे पूछते हैं. ते खरं होतं. अकरा वर्षं मी ते करत होते आणि कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कोणा दुसऱ्या माणसानं माझं काम इतकं नीट पाहिलं आहे, याचं मला आतून फार बरं वाटलं. थोडं रडूही आलं. शनिवारी सकाळी मी आत जाऊन म्हटलं, मॅडम, बाहेरच बसते. ती ‘गुड’ म्हणाली आणि पहिला पेशंट आत पाठवायला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस काही सुखाचे नव्हते. रोज दोन फोन म्हणजे रोज दोनदा देवाचं नाव. मॅडम खरोखरच शेजारी येऊन बसायची आणि मध्ये एक शब्द बोलायची नाही. ‘प्लीज, स्लोली’ हे मी इतक्यांदा म्हटलं की क्लासचे सर म्हणाले, तुम्हाला हे वाक्य आता गोऱ्या साहेबापेक्षा चांगलं येतं. पण लोक खरंच सावकाश बोलायचे. हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? दिवाळीला दोन आठवडे राहिले तरी मॅडमनं पुढचं काही म्हटलं नव्हतं. एका मुलीला भेटायला बोलावलंय एवढं मला फोनवरच्या बोलण्यातून कळलं. मी धरून चालले की ती माझ्या खुर्चीसाठीच येतेय.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. पंचाहत्तरीच्या, पांढरे कापलेले केस, कडक इस्त्रीचा ड्रेस. समोरच्याच टॉवरमध्ये एकट्या राहणाऱ्या, फक्त इंग्रजी बोलणाऱ्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मॅडमनं तपासून तीन मिनिटांत सांगितलं, आधी उजवा डोळा, लवकर करून घ्या. बाई बाहेर आल्या, माझ्या काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “व्हॉट वुड यू डू, इफ यू वेअर मी?”

मला वाक्य कळलं. फळ्यावरचंच होतं. पण पहिल्यांदा तोंडाशी आलं ते काकांचं उत्तर, तुम्ही ठरवाल ते योग्य. ते सोपं होतं, त्याचं इंग्रजीही मला येत होतं. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचं काहीच ठरलं नव्हतं. त्या खरोखर विचारत होत्या, आणि विचारायला त्यांना दुसरं कोणी नव्हतं.

मी पेन खाली ठेवला, काउंटरच्या बाहेर आले, त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. मला सल्ला येत नव्हता, म्हणून मी प्रश्न विचारला. “यू आर अफ्रेड ऑफ ऑपरेशन? ऑर आफ्टर ऑपरेशन?”

बाई म्हणाल्या, “आफ्टर.” आणि पुढे जे बोलल्या ते मी दोनदा ‘प्लीज, स्लोली’ म्हणून समजून घेतलं. ऑपरेशनला त्या घाबरत नव्हत्या. ऑपरेशननंतर दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालायचे असतात. त्यांचा हात थरथरतो. घरात कोणी नाही. मुलगा परदेशी, त्याला सांगितलं तर तो नोकरी सोडून धावत येईल, म्हणून त्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं. वर्षभर त्या अंधुक डोळ्यांनी रस्ता ओलांडत होत्या, ते थेंब घालणारं माणूस नाही म्हणून.

मला एकदम हसू आलं. थेंब! अकरा वर्षं मी दुसरं काय करतेय? माझं इंग्रजी त्या वेळी कसं होतं देव जाणे. मी म्हटलं, माय रोड, युअर बिल्डिंग, सेम. मॉर्निंग आय कम, इव्हनिंग आय कम. आफ्टरनून यू कम हिअर, सिट, आय पुट. त्यांनी विचारलं, खरंच? मी म्हटलं, एव्हरी डे. त्यांनी माझा हात धरला आणि पुढच्या मंगळवारची तारीख लिहा म्हणाल्या. मी डायरीत लिहिली. मान वर केली तर मॅडम दारात उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी पट्टी काढायची होती. मॅडमनं मला आत बोलावलं, बाईंचा हात धरून बसा म्हणाली. तिनं पट्टी सोडवली, डोळा पुसला, बाईंनी तो सावकाश उघडला. आधी छताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या अक्षरांकडे, मग वळून माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तू इतकी तरुण आहेस हे मला माहीत नव्हतं, मला तू माझ्याच वयाची वाटली होतीस. मॅडम मोठ्यानं हसली. मी एकोणपन्नासची. मला इंग्रजीतून आजवर कोणी इतकं चांगलं काही बोललं नव्हतं. मी थँक यू म्हटलं, आणि ते म्हणताना मनात मराठी करावी लागली नाही.

बाईंना धरून मी बाहेर निघाले तेव्हा मॅडम हात धूत होती. पाठमोरीच म्हणाली, “ताई, सोमवार को वो लड़की आएगी. उसको अंदर का काम सिखा दीजिए. फाइल, कपड़े, सब.”

मी बाईंना बाकावर बसवलं, त्यांच्या उजव्या डोळ्यात थेंब घातले, खुर्चीवर जाऊन बसले आणि पुढचा नंबर पुकारला.